खाकरणारा फोन

मामांना कुठलीही वस्तू चांगली आहे असं सांगितलं, की ते एकच विचारायचे, "धार काढून बघितलीस?"

म्हैस विकत घ्यायची तर मामा विकणाऱ्याच्या दावणीपाशी मुक्काम ठोकायचे. ती कितीही तुकतुकीत दिसो, कासेवर कितीही शिरा असोत. सकाळची धार स्वतः काढायची, संध्याकाळची स्वतः काढायची, मग बोलणी. ही त्यांच्या घरातली जुनी रीत, आणि म्हशीपुरती ती योग्यच होती. वैताग असा, की मामांनी ती सगळ्या जगाला लावली. पंखा घेताना ते दुकानात चालू पंख्याखाली सतरंजी टाकून एक झोप काढून आले. कुकर घेताना डाळ घरून नेली. आणि माझ्या लग्नाच्या वेळी, मुलगी बघायच्या कार्यक्रमात, पोह्यांची बशी हातात धरून माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं, "पावणं, पोरगी पयल्या हाकेला ओ देती का, का दोनदा मारायला लागती?"

सासरे गडबडले. आतून, पडद्यामागून, "ओऽ" असा आवाज आला. बायकोने पहिल्या हाकेला ओ दिल्याचा तो माझ्या माहितीतला एकमेव प्रसंग.

मामांची दुसरी ख्याती म्हणजे त्यांचं खाकरणं. रोज पहाटे ते गोठ्याच्या दारात उभे राहायचे आणि घशातून असा काही आवाज काढायचे, की शेजारच्या बंगल्यात नवीन राहायला आलेल्या बाईंनी पहिल्या दिवशी "कुणाचा टेम्पो बंद पडलाय का?" म्हणून खिडकी उघडली होती. आधी एक लांब खरखर, मग दोन छोटे झटके, मग घसा मोकळा. आणि मग हाक, "मैनेऽऽ, ये गं बाय!" ही मैना म्हणजे म्हैस. हाक आली की ती कान हलवत उठायची, मामांचा हात लाळभरल्या जिभेने चाटायची आणि पान्हा सोडायची. दुसऱ्या कुणी बादली घेऊन बसलं, की दूध चोरायची. मामींनी प्रयत्न केला होता, शेजारच्या गवळ्याने केला होता. मैना त्यांच्याकडे वळूनसुद्धा बघायची नाही.

मामींचा सगळा संसार त्या खाकरण्यावर चिडण्यात गेला. "ह्या माणसाच्या नरड्यात काय खडी भरलीया का?" असं त्या रोज म्हणायच्या. रोज. मी लहानपणी सुट्टीला तिथे जायचो तेव्हाही म्हणायच्या, आणि माझे केस पांढरे झाले तेव्हाही म्हणत होत्या.

आता थोडं माझ्याबद्दल. आमच्या सगळ्या नातेवाइकांमध्ये मी मोबाइलचा जाणकार समजला जातो. कारण काय, तर एकदा मेहुणीचा पाण्यात पडलेला फोन मी तांदळाच्या डब्यात ठेवला होता आणि तो चालू झाला. तो तसाही चालू झाला असता, पण हे मी कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून कुणाला फोन घ्यायचा असला की मला विचारतात, आणि मी यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून, ते व्हिडिओ माझेच असल्यासारखा बोलतो. त्या वर्षी मी स्वतःसाठी फोन घेतला. मागे तीन कॅमेरे. चंद्राचे फोटो काढतो, पाण्यात पडला तरी चालतो, बोललेलं लिहून घेतो, लिहिलेलं बोलून दाखवतो. आत एक बाई आहे, तिला विचारलं की ती हवामान सांगते. मी तो पूर्ण मराठीत लावून घेतला होता आणि ऑफिसात सगळ्यांच्या टेबलावर फिरवून आणला होता. बायको म्हणाली, "चंद्राचे फोटो कशाला हवेत तुम्हाला? घरातल्या गॅसची तारीख बघा एकदा."

तेवढ्यात मामांचा घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की स्वरयंत्रावर गाठ आहे, साधी आहे, पण काढावी लागेल. "ऑपरेशननंतर दिवाळी होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. आणि खाकरायचं तर अजिबातच नाही. एकदा जरी जोर लावलात तर आवाज जाईल तो कायमचा."

मामा बाहेर येऊन बाकावर बसले. मला वाटलं घाबरले. म्हटलं, "मामा, साधी गाठ आहे."

"गाठीचं काय न्हाय रं," ते बसक्या आवाजात म्हणाले. "मैना कुणाच्या हाकेला उठायची?"

प्रश्न खरा होता. दूध काढलं नाही तर कास सुजते, आणि म्हैस आटते. मामींनी आधीच सांगून ठेवलं होतं, की मैना आटली की दुसरी आणायची नाही, आता दोघांचंही वय झालं. म्हणजे मैना आटली की गोठाच बंद. आणि शिवाय पाडवा होता. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या पेठेत म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. अंग भादरून तेल लावलेलं, शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्या, डोक्याला मोरपिसं. म्हैस गल्लीच्या एका टोकाला, मालक दुसऱ्या टोकाला. मालकाने हाक मारायची आणि म्हशीने हलगी, फटाके, माणसं, सगळं बाजूला सारून त्याच्याकडे यायचं. नाही आली तर कुणी दंड करत नाही. फक्त पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस चहाच्या टपरीवर मान वर करून बसत नाही.

मी जाणकार. मी म्हणालो, "सोपं आहे. तुमची हाक रेकॉर्ड करू. माझ्या फोनचा माइक फार भारी आहे."

मामांनी फोन हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने कॅमेऱ्यांवरून हात फिरवला, म्हशीचे दात बघतात तसा. "चार दिवस राहू दे हितं. धार काढून बघतो."

माझा नवा फोन. चार दिवस. गोठ्यात.

ते चार दिवस मी ऑफिस सुटलं की मामांकडे पळायचो. पहिल्याच दिवशी मी सांगत होतो, की हा पाण्यात पडला तरी काही होत नाही, तर माझं वाक्य संपायच्या आत मामांनी तो मैनेच्या पाण्याच्या घमेल्यात सोडला. मैनेने तोंड घातलं. मी ओरडलो. मामा म्हणाले, "तूच म्हणालास की." तासाभराने बाहेर काढला. चालू होता. "हे खरं बोलला दुकानदार," एवढं म्हणून त्यांनी तो शेणाच्या पाटीशेजारी वाळत ठेवला.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची परीक्षा. मामांनी मैनेचा फोटो काढायला लावला. मी काढला. फोनने स्वतःच्या अकलेने उजेड वाढवला, कातडी गुळगुळीत केली आणि मैना चक्क भुऱ्या रंगाची करून दाखवली. मामा फोटोकडे बघत राहिले.

"ही कोण?"

"मैनाच."

"म्हस गोरी केलीस व्हय?"

"मी नाही केली, फोन करतो. आपोआप. माणसं चांगली दिसावीत म्हणून."

"अरं, काळी म्हस ती. तिचं काळंपण कशाला खातंय हे? असला फोटो बाजारात दावला तर लोक म्हणतील कावीळ झालीया."

मी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं. पुढच्या फोटोत मैना काळी आली, पण मामांच्या मनात फोनविषयी एक संशय बसला तो बसलाच. बॅटरीबद्दल त्यांचं मत होतं, "खातंय लई." गरम होतो म्हणून, "ताप असतोय ह्याला." चंद्राच्या फोटोबद्दल, "चंद्र काय धार देतोय व्हय?"

तिसऱ्या दिवशी हाक रेकॉर्ड केली. मामांचा घसा बसलेला, तरी त्यांनी उरलासुरला जोर लावला. लांब खरखर, दोन झटके, "मैनेऽऽ, ये गं बाय!" शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. मी संध्याकाळी मैनेच्या कानाशी फोन धरून ती हाक लावली. फोनमधून स्वच्छ, खणखणीत आवाज आला. मैनेने कान हलवला. माशी असावी. परत लावली. तिने शेपटी माझ्या तोंडावर मारली. तिसऱ्यांदा लावली, तेव्हा ती सावकाश फिरली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"म्हस इमानी हाय," मामा म्हणाले. "डबड्याला फसत न्हाय." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि मला तो अजिबात नको होता. ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं.

मी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावून ऐकत होतो. मामी चुलीवरची भाकरी उलटताना ऐकत होत्या. शेवटी त्या तिथूनच ओरडल्या, "अरं पोरा, ह्यात खाकरणं कुठं हाय?"

मी ऐकलं. खरंच नव्हतं. नुसतंच "मैनेऽऽ, ये गं बाय". अगदी रेडिओवर म्हटल्यासारखं. खरखर नाही, झटके नाहीत, बादलीच्या कडीचा आवाजही नाही. मी सेटिंग उघडलं. तिथे एक बटण आपोआप चालू होतं: "आवाज स्वच्छ करा." फोनने मामांचं खाकरणं गोंगाट समजून कापून टाकलं होतं.

मी समजावून सांगितलं. मामांचा चेहरा असा झाला, की मी फोन मागेच घेतला.

"म्हंजे? माझा आवाज घाण हाय व्हय?"

"तसं नाही मामा, यंत्राला..."

"सांग की. घाण हाय का?"

"व्हय!" मामी चुलीपाशी म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं तेच सांगतीया, पण माझं कोण ऐकतंय? बघा, फोनला बी कळलं."

मी ते बटण बंद केलं. मामांनी पुन्हा खाकरून हाक मारली, ती जशीच्या तशी उतरली, खरखरीसकट. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ती लावली. फोनमधून लांब खरखर आली, आणि हाक यायच्या आतच मैना उठून उभी राहिली. तिने फोनला चाटलं. मामींनी बादली लावली आणि दुधाची धार वाजली.

मी विजयाने मामांकडे बघितलं. ते मैनेकडे बघत होते. "हाकेला न्हाय उठली," ते म्हणाले, "खाकरल्यावरच उठली." "म्हंजे इतकी वर्षं मी उगंच वरडत हुतो व्हय?"

ऑपरेशन नीट झालं. मामा घरी आले ते तोंड मिटून. आणि खरं सांगतो, गप्प मामा हे बोलत्या मामांपेक्षा जास्त त्रासदायक होते. त्यांना फोनमधल्या बाईकडून बोलून घ्यायची सोय मी शिकवली, हा माझाच मूर्खपणा. ते तर्जनीने एकेक अक्षर टिपत, आणि ती बाई बातम्या दिल्यासारखी बोलायची. मी चहा पीत बसलो की माझ्या मागून अत्यंत सुसंस्कृत आवाज यायचा, "काय. करालाईस. रं." मामी वैरण टाकत असल्या की, "वल्लं. गवत. घालू. नको. फुगंल." मी फोन घरी न्यायचं नाव काढलं की तर्जनी लगेच कामाला लागायची, आणि बाई म्हणायची, "अजून. धार. बघायची. हाय."

मामी एकदा मला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे हीच बाई घरात. नीट तरी बोलती माझ्याशी."

माझा फोन अशा रीतीने गेला तो गेलाच. मी जुन्या, काच तडकलेल्या फोनवर दिवस काढत होतो, आणि ऑफिसात सगळे विचारत होते, "काय हो, चंद्र काय म्हणतोय?"

पाडव्याला मामा हट्टाला पेटले. मैनेला न्यायचंच. मी म्हटलं, एक वर्ष नाही नेली तर काय होतं? त्यांनी लिहिलं, बाई म्हणाली, "लोक. म्हणतील. म्हातारा. संपला." मी तयारीला लागलो. गर्दीत आवाज पोचावा म्हणून मी मुलाचा मोठा स्पीकर मागून आणला, फोनला जोडला, गर्दीत दोन फोन नकोत म्हणून माझं सिमही त्यातच घातलं, आणि गोठ्यात तीनदा तालीम केली. मैना दर वेळी उठली. मी जाणकार आहे, हे मला पुन्हा पटायला लागलं.

गल्ली माणसांनी भरलेली. हलगी वाजत होती. मैनेला वरच्या टोकाला धरलं होतं, शिंगं लाल, कपाळावर आरसा. खालच्या टोकाला मामा नवा फेटा बांधून, तोंड घट्ट मिटून उभे. त्यांच्या शेजारी मी, हातात फोन, पायाशी स्पीकर. आमची पाळी आली. मैनेला सोडलं. मी बटण दाबलं. स्पीकरमधून ती खरखर अशी काही निघाली, की हलगीवाला थांबला. लोक हसले, पण मैनेने मान वर केली आणि निघाली. माणसं बाजूला झाली. झोकात येत होती, कवड्या वाजवत. मामांचे डोळे ओले झालेले मी बघितले. अर्धी गल्ली ती आली.

आणि फोन वाजला.

रेकॉर्डिंग बंद पडलं. स्पीकरमधून, सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी, मी हौसेने लावलेली सनईची धून सुरू झाली. पडद्यावर बायकोचं नाव. ती समोरच्या गच्चीवरून बघत होती. मी घाबरून चुकीचं बटण दाबलं, आणि तिचा आवाज गल्लीभर घुमला, "अहो, आवाज कमी येतोय, जरा मोठा करा!"

गल्ली फुटली हसून. मैना मध्येच थांबली. चारी बाजूंनी माणसं, शिट्ट्या, एकाने फटाका लावला. तिने डोळे मोठे केले आणि मागे वळायला लागली. मी फोन बंद करायचा प्रयत्न करतोय, फोन विचारतोय, कॉल थांबवू की कट करू. कुणीतरी ओरडलं, "मामा, म्हस बी रिचार्ज करा!"

मी मामांकडे बघितलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला होता. मान ताठ, गळ्याची शीर फुगलेली. मला कळलं की आता हे ओरडणार. ऑपरेशन, डॉक्टर, कायमचा जाणारा आवाज, सगळं त्यांनी त्या एका क्षणात सोडून दिलं होतं. मी हात धरला. त्यांनी झटकला.

त्याच वेळी माझ्या मागून आवाज आला. लांब खरखर, मग दोन छोटे झटके.

मी चरकून स्पीकरकडे बघितलं. तो बंद होता. माझ्या मागे मामी उभ्या होत्या. नवी जरीची साडी, डोक्यावर पदर, हातात ओवाळायचं ताट, आणि मान जरा तिरकी करून, अगदी मामांसारखी, त्या भर गल्लीत खाकरत होत्या. आयुष्यभर रोज पहाटे ऐकलेलं. एकही सूर चुकला नाही. मग त्यांनी जी हाक मारली ती माझ्या अजून कानात आहे, "मैनेऽऽ, ये गं बाय!"

मैना वळली. धावतच आली. मला आणि स्पीकरला बाजूला ढकलून ती मामांच्या पुढ्यात उभी राहिली आणि त्यांच्या नव्या फेट्याचा शेमला चावायला लागली. मामांनी भरलेला श्वास हळूहळू सोडून दिला. गल्लीत हलगी पुन्हा सुरू झाली. मामींनी मैनेला ओवाळलं आणि मामांना म्हणाल्या, "आता तरी गप बसा. आलीया ती."

दिवाळीनंतर मामांचा आवाज आला. बारीक, स्वच्छ, जरा परक्या माणसाचा वाटावा असा. खाकरायची मनाई मात्र कायमची झाली. एका सकाळी मी फोन मागायला गेलो. मामांनी तो टॉवेलने पुसून हातात दिला.

"कसा वाटला?" मी विचारलं. एवढं सोसल्यावर निकाल ऐकायचा माझा हक्क होता.

"डोळं चांगलं हाईत. पाण्याला भीत न्हाय. खातंय लई. आणि एक खोट हाय." त्यांनी फोनकडे तोंड करून आतल्या बाईला हाक मारली. ती लगेच म्हणाली, "बोला, मी काय मदत करू?"

"बघितलंस? आता तू मार."

मी मारली. बाई म्हणाली, "बोला, मी काय मदत करू?"

"कुणाच्याबी पयल्या हाकेला ओ देतंय," मामा म्हणाले. "असलं जनावर आपलं न्हवं. घिऊन जा."

"मामा, माझ्या लग्नात तुम्हीच विचारलं होतं..."

"ते पोरीबद्दल. आणि तवा मला काय कळत नव्हतं."

मी वैतागून फोन चाळायला लागलो. मामांची खाकर अजून त्यात होती. मी ती उघडली तर फोनने विचारलं, "या ध्वनिफितीत गोंगाट आढळला. काढून टाकायचा का?" मी 'नाही' दाबलं. तो अजूनही अधूनमधून विचारतो. मी अजूनही 'नाही' दाबतो, आणि दर वेळी चिडतो.

मी उठणार एवढ्यात गोठ्यातून मामींच्या खाकरण्याचा आवाज आला. लांब खरखर, दोन झटके. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. मैनेच्या गळ्यातली साखळी वाजली, म्हणजे ती उठली.

आणि माझं बोलणं अर्धवट टाकून, पहिल्या हाकेला, मामाही उठले.